घरातली कामं सांभाळून हातकागद: काम कुठे तोडायचं, कुठे नाही

हातकागद करून बघणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कागद जाळीवरून सुटत नाही. वाळताना पापडासारखा वळतो. लगद्याला दुसऱ्या दिवशी वास येतो. सगळे दोष हाताला दिले जातात, पण मूळ गडबड बहुतेक वेळा मांडणीत असते. लोक रविवारी सकाळी रद्दी फाडायला बसतात आणि संध्याकाळपर्यंत कागद हातात येईल असं धरून चालतात. मधे पाहुणे येतात, नळ जातो, लाईट जाते, आणि ओले कागद कापडात तसेच राहून जातात.

हे एका बैठकीचं काम नाही. त्याचे तुकडे पाडता येतात, फक्त कुठे पाडायचे ते माहीत हवं. रद्दी फाडून ठेवली तर महिनाभर काही होत नाही. भिजत घातली की एक रात्र निवांत. लगदा पिळून ठेवला तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. मात्र लगदा टबातल्या पाण्यात पडला की जाळीच्या साच्याने कागद उचलणं, दाबणं आणि वाळत घालणं हे एका दमात झालं पाहिजे. त्यासाठी सलग तीन तास हवेत. पुढचे टप्पे या हिशेबानेच लावले आहेत.

## 1. जागा, पाणी आणि दिवस ठरवा

जागा ओली झाली तरी चालेल अशी हवी: न्हाणी, मागचं परडं किंवा गच्चीची सावलीची बाजू. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम मांडू नका. तीन तास ओटा अडकला की घरात कुरबूर सुरू होते आणि घाईत कागद बिघडतात. टब स्टुलावर किंवा टेबलावर ठेवून उभ्याने काम करा. उकिडवं बसून वीस वेळा साचा उचलला की कंबर बोलायला लागते.

पाणी साधारण 40 लिटर लागतं: टबात 20, भिजवायला पाचेक, बाकी कापडं ओली करायला आणि धुण्याला. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाणी आलेल्या दिवशीच हे काम धरा, किंवा बॅरल आधी भरून ठेवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी लालसर असेल तर कागदावर हलकी तांबूस झाक येते. एका बादलीत रात्रभर निवळू द्या आणि वरचंच पाणी घ्या.

ऋतूचा विचार मात्र टाळू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बेळगाव भागात, खानापूर पट्ट्यात तर जास्तच, हवा इतकी दमट असते की कागद तीन दिवस ओला राहतो आणि त्यावर बुरशी धरते. नवशिक्याने पहिला घाणा दसरा-दिवाळीनंतर घालावा. पावसात रद्दी जमवायची, फाडायची, साचा तयार करायचा.

## 2. साचा आणि चौकट

दोन सारख्या मापाच्या लाकडी चौकटी लागतात. एकीवर जाळी ताणून बसवायची, तो साचा. दुसरी मोकळी, ती साच्यावर ठेवायची. तिच्यामुळे लगदा कडेने वाहून जात नाही. सुरुवातीला आतलं माप 21 बाय 15 सेंटिमीटर ठेवा, म्हणजे ए-फोरच्या अर्धा कागद होतो. पहिल्याच फेरीला मोठा साचा घेणारे हमखास कंटाळतात, कारण ओला साचा जड होतो आणि हात थरथरतो.

सुताराकडे 2 सेंटिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्यांचे तुकडे मिळतात. तेही नको असेल तर फोटोच्या दोन सारख्या फ्रेम घ्या, पण भुसा दाबून केलेल्या फळीच्या नकोत. त्या दुसऱ्या बुडीत फुगतात. लाकडाला व्हार्निशचे दोन हात द्या किंवा मेण चोळा.

जाळी खिडकीला लावतात ती नायलॉनची चालते. आधी ती ओली करा, मग ताणून बसवा; एकदम चारही बाजू ठोकू नका, समोरासमोरच्या दोन बाजू आळीपाळीने घ्या. खिळे किंवा पिना न गंजणाऱ्या हव्यात, कारण गंजाचा डाग कागदातून निघत नाही. स्क्रीन प्रिंटिंगचं बारीक कापड घेण्याचा मोह होतो. त्यातून पाणी हळू उतरतं आणि तोवर लगदा एका बाजूला सरकतो.

तपासा: जाळीच्या मधोमध बोटाने दाबा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त दबली तर परत ताणा. सैल जाळीवर मधे पाण्याचं डबकं होतं आणि कागद मधे जाड, कडेला पातळ निघतो.

## 3. रद्दी निवडणं

इथे कंजूषपणा करायचा. मिळेल ते सगळं टबात घालणाऱ्यांचा कागद राखाडी आणि ठिसूळ निघतो.

सगळ्यात चांगली म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातली वाया गेलेली पानं आणि छापखान्यातलं कटिंग. हा कागद मुळात मजबूत धाग्याचा असतो. जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, एका बाजूने छापलेली ऑफिसची पानं, सगळं चालतं. मजकूर मराठी, कन्नड की इंग्रजी याची लगद्याला फिकीर नाही. पिना आणि चिकटपट्ट्या मात्र काढा, वहीच्या कण्यावरचा डिंक लागलेला भाग कापून टाका.

वर्तमानपत्राचा लगदा झटकन होतो म्हणून लोक तेच घेतात. पण त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे उन्हात तो पिवळा पडतो, आणि धागा तोकडा असल्याने घडीवर तुटतो. हात बसेपर्यंत सरावाला ठीक. भेटकार्डाला नको. घ्यायचंच असेल तर चौथा हिस्सा पुरे.

लग्नपत्रिका चालतात, पण सोनेरी छपाईचा आणि प्लॅस्टिकचा थर असलेला भाग फाडून काढा. गुळगुळीत मासिकांवर मातीचा लेप असतो. टबाच्या तळाशी चिखल साचतो आणि कागदाला ताकद येत नाही.

इशारा: दुकानाची आणि एटीएमची गुळगुळीत पावती कधीही घालू नका. तो उष्णतेने छापला जाणारा रसायनी कागद असतो, त्यातली रसायनं लगद्यात उतरतात. तुमचे हात तासन्‌तास त्याच पाण्यात असणार आहेत.

आता सुताबद्दल. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागकडे मागांवरचं सूत आणि कापडाचं कटिंग सहज मिळतं, त्यामुळे "कापडाचाच कागद करू की" असं हमखास कोणीतरी म्हणतं. सुती कापडाचा कागद खरोखर सगळ्यात टिकाऊ, पण त्यासाठी कापड तासन्‌तास कुटून धागा मोकळा करणारं यंत्र लागतं. घरच्या मिक्सरला ते झेपत नाही; धागे पात्याला गुंडाळले जातात आणि मोटर तापते. हौस असेल तर सुती धागे अर्ध्या सेंटिमीटरचे कापून मूठभर घाला, कागदात छान दिसतात. आधी एक धागा जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख होते. वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर आहे, ते नको. साड्यांच्या कटिंगमध्ये असलं बरंच असतं.

उसाचा चोथा आणि केळीचं सोपट यांचीही विचारणा होते. रसवंतीवरचा चोथा तसाच वाटून घातला तर कागदात नुसत्या काड्या दिसतात. वनस्पतीचा धागा मोकळा करायचा तर सोपट दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून वाळवा. कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि मग फळीवर धोपटा. भांडं स्टीलचं हवं. अॅल्युमिनियमला सोडा खातो. हे काम बाहेर चुलीवरच, हातमोजे घालून. रद्दीच्या कागदावर हात बसल्याशिवाय इकडे वळू नका. कॉस्टिक सोडा तर घरात आणूच नका.

## 4. फाडणं, भिजवणं, लगदा

आकडे आधी. साधा झेरॉक्सचा ए-फोर कागद साधारण 4.7 ग्रॅम भरतो. आपल्या साच्यातला मध्यम जाडीचा एक कागद चार ग्रॅमच्या आसपास बसतो. पंधरा कागदांसाठी ए-फोरची 36 पानं घ्या. ही जास्त वाटतात, पण टबातलं पाणी दाट राहावं म्हणून बराच लगदा शेवटपर्यंत टबातच असावा लागतो. तो वाया जात नाही.

पानं हाताने फाडा, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे. कात्रीने कापलं तर कडेचे धागे तुटतात. फाडलेला कागद लवकर भिजतो. हे काम टीव्हीपुढे बसून होतं, मुलंही आनंदाने करतात. तुकडे सुक्या पिशवीत ठेवले की पहिला थांबा.

ज्या दिवशी कागद उचलायचे त्याच्या आदल्या रात्री भिजत घाला. पाणी कोमट असेल तर बरं. रात्रभर पुरे. एप्रिल-मेमध्ये दीड दिवसाहून जास्त ठेवलं तर पाणी आंबतं.

मिक्सरला जुनं भांडं वेगळं ठेवा. चटणीच्या भांड्यात छपाईची शाई नको. एका वेळी तीन ए-फोरचे तुकडे आणि पाऊण भांडं पाणी. पाणी कमी घातलं की मोटर ओरडते, वास येतो. दहा-दहा सेकंद थांबून थांबून तीन-चार वेळा फिरवा. सलग दोन मिनिटं फिरवणं ही फार नेहमीची चूक आहे: धागे कापले जाऊन पीठ होतं, आणि पिठाचा कागद टिकत नाही.

तपासा: काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर लगदा ढवळा आणि उजेडात धरा. ढगासारखा सारखा पसरला पाहिजे. तुकडे दिसले तर आणखी एक फेरी. सगळं लगेच तळाशी बसलं तर पीठ झालं आहे. त्यात नवा, कमी वाटलेला लगदा मिसळा.

प्रत्येक भांड्यातला लगदा पातळ सुती कापडात गाळून, पिळून एक गोळा करा. असे बारा गोळे होतील. इथे दुसरा थांबा: आज वेळ नसेल तर डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून जास्त दिवस ठेवायचे तर गोळे फोडून उन्हात खडखडीत वाळवा, नंतर परत भिजवून जरा फिरवले की झालं.

इथून पुढे तीन तास मोकळे असतील तरच हात घाला. कुकर लावून मग येते, असं करायचं नाही.

## 5. टबाआधी बाकी सगळं मांडा

लगदा टबात घालण्यापूर्वी पुढच्या दोन टप्प्यांचं सामान हाताशी हवं. ओल्या हाताने कपाटातून कापड शोधायची वेळ आली तर तोवर लगदा तळाशी बसतो.

- साधारण 45 बाय 35 सेंटिमीटरचा, निदान 15 सेंटिमीटर खोल टब
- जुन्या सुती चादरीचे किंवा धोतराचे 30 बाय 25 सेंटिमीटरचे वीस तुकडे, धुतलेले, ओले करून पिळलेले
- घोंगडीचा किंवा जुन्या टॉवेलचा घडी केलेला तुकडा, खाली गादी म्हणून
- साच्यापेक्षा मोठ्या दोन प्लायवुडच्या फळ्या, 18 मिलिमीटर जाड
- स्पंज, आणि वजनाला पाण्याने भरलेले कॅन किंवा पाटा

कापडाला शिवण, गाठ किंवा सुरकुती नको. तिचा ठसा कागदावर जसाच्या तसा उमटतो. नवं, खळ असलेलं कापड चिकटतं.

टबात 20 लिटर पाणी घ्या, आठ गोळे फोडून घाला, हाताने ढवळा. चार गोळे बाजूला.

## 6. उचलणं आणि कापडावर उतरवणं

टब तळापासून ढवळा. साचा जाळीची बाजू वर करून धरा, त्यावर चौकट बसवा, दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबा. टबाच्या पलीकडच्या बाजूने साचा तिरका आत घाला, तळाजवळ आडवा करा आणि समपातळीत सरळ वर उचला. पृष्ठभागाबाहेर येता येता पुढे-मागे, डावी-उजवीकडे दोन-तीन हलके हेलकावे द्या. धागे एकमेकांत गुंततात ते या दोन सेकंदांतच. पाणी उतरून गेल्यावर हलवत राहिलात तर कागदाला भेगा पडतात.

पाणी निथळू द्या, अर्धा मिनिट. साचा एका कोपऱ्याकडे कलता करा, थेंब थांबले की चौकट सरळ वर उचला. चौकटीवरचा थेंब ओल्या कागदावर पडला तर गोल पातळ डाग कायम राहतो.

बिघडलं तर हळहळू नका. साचा उलटा करून टबातल्या पाण्याला टेकवा, लगदा सुटून परत टबात जातो. पहिले चार-पाच असेच जातात.

उतरवण्यासाठी गादीवर एक ओलं कापड अंथरा. साच्याची एक लांब कड कापडावर उभी टेकवा, साचा एका दमात खाली पाडत दाबा, मागून जाळीवर स्पंज फिरवून पाणी ओढून घ्या, आणि पहिली टेकवलेली कड आधी उचलत साचा सोडवा. मधे थबकू नका. वर दुसरं कापड, मग पुढचा कागद.

कागद जाळीलाच चिकटून राहतो याची कारणं तीन: कापड कोरडं आहे, कागद फार पातळ आहे, किंवा आधी पुरेसं निथळलं नाही. चौथं म्हणजे भीती. हलक्या हाताने टेकवलेला साचा कागद सोडत नाही. वजन टाकून दाबायचं.

दर तीन कागदांनंतर एक गोळा टबात घाला आणि प्रत्येक बुडीआधी ढवळा. हे विसरलं की पहिले कागद पुठ्ठा आणि शेवटचे जाळीदार होतात.

कांद्याची साल, झेंडूच्या पाकळ्या, दूर्वा घालायची हौस सगळ्यांनाच असते. आधी पाच-सात मिनिटं उकळून धुवून घ्या, नाहीतर भोवती तपकिरी ओघळ उतरतो. आणि चिमूटभरच. पाकळ्यांवर कागद धरत नाही.

पाणी कमी असेल तर: टबाऐवजी परात वापरा. परातीत साचा बुडेल एवढंच पाणी घ्या, चौकट पाच सेंटिमीटर उंचीची करून साच्यावर घट्ट धरा, एका ए-फोरचा लगदा मगभर पाण्यात ढवळून चौकटीत ओता, बोटांनी पसरवा आणि उचला. वेळ जास्त लागतो, पण जाडी सारखी येते. मुलांना शिकवायला मला तरी हीच पद्धत बरी वाटते.

## 7. दाबणं

पंधरा कागद झाले की वर कापड, वर फळी. पहिली दोन मिनिटं फक्त हाताने दाबा. पाणी पाझरू लागलं की मग वजन. एकदम उभं राहिलात तर आतलं पाणी कडेने उसळतं आणि कागद फाटतात. नंतर खुशाल फळीवर उभे राहा, आणि शेवटी 20 लिटरचे दोन-तीन भरलेले कॅन अर्धा तास ठेवा. फळीखाली दोन पट्ट्या ठेवल्या तर निघालेलं पाणी परत शोषलं जात नाही.

दाबण्यात काटकसर केली तर कागद वाळल्यावर टिपकागदासारखा भुसभुशीत राहतो. धागे जवळ आले की वाळताना ते आपसूक एकमेकांना धरतात. गोंद लागत नाही.

इशारा: दाबलेली चळत रात्रभर तशीच ठेवू नका. उकाड्यात सकाळपर्यंत कुबट वास येतो, पावसाळ्यात काळे ठिपके.

## 8. वाळवणं

दोरीवर कापडासकट टांगणं सगळ्यात सोपं आणि कागद सगळ्यात वेडावाकडा. वळलेला कागद ही मुख्य तक्रार असेल तर कागद कापडासह काच, सनमायका किंवा गुळगुळीत फरशीवर पालथा घाला, कापडावरून कडेपर्यंत हात फिरवा आणि कापड सोलून काढा. काचेकडची बाजू गुळगुळीत होते. पूर्ण वाळला की कड आपोआप सुटते; त्याआधी नखाने उचकटू नका.

उन्हाळ्यात थेट उन्हात ठेवायचा मोह टाळा. कडा आधी वाळतात, मधला भाग नंतर आकसतो आणि पन्हळी पडतात. सावली आणि वारा हवा. पावसाळ्यात करायचंच ठरवलं असेल तर एका वेळी पाच-सहाच कागद, घरात पंख्याखाली, फरशीवर. कोरड्या सुती कापडांत घालून वजनाखाली ठेवायचं असेल तर कापडं दिवसातून दोनदा बदला. वर्तमानपत्रात ठेवू नका, शाई उतरते.

तपासा: कागद गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

## 9. लिहायचं असेल तर खळ

आत्ताचा कागद शाई पितो. बॉलपेनला चालेल, शाईपेनाची रेघ फुटेल. चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या, मग खळ द्या. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर: आधी थोड्या गार पाण्यात कालवा, उरलेलं पाणी उकळून त्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा, गाळा. कोमट झाली की रुंद ब्रशने एक बाजू, वाळली की दुसरी. मग दोन सुती कापडांत घालून बेताच्या इस्त्रीने दाबा, वाफ न सोडता.

खळीला कसर आणि झुरळं लागतात. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे; मुलं असलेल्या घरात नको. सुक्या, बंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात मधून मधून उघडून बघा.

## 10. आवरणं

टबातलं पाणी मोरीत ओतायचं नाही. लगदा पाइपच्या वळणात बसतो, वाळतो आणि मग प्लंबर. पाणी जुन्या ओढणीतून गाळा. निघालेला लगदा पिळून वाळवा, पुढच्या घाण्यात चालतो. गाळलेल्या पाण्याने परडं, न्हाणी धुवा. सोड्यात शिजवलेल्या धाग्यांचं काळं पाणी मात्र भरपूर पातळ करा, आणि झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ टाकू नका.

जाळी ओली असतानाच दोन्ही बाजूंनी ब्रशने धुवा. लगदा तिच्यावर वाळला की छिद्रं बुजतात आणि पुढच्या वेळी कागदाला नेमकी तिथेच भोकं पडतात. साचा सपाट ठेवून सावलीत वाळवा. भिंतीला टेकवून ठेवलेली चौकट पिळवटते.

कापडं साबण न लावता धुवा. साबण राहिला तर पुढचा लगदा फेसाळतो, आणि प्रत्येक बुडबुड्याचं कागदात एक बारीक भोक होतं.